शेवटचा बॉल छातीत

चावीवाल्याच्या दुकानात चावी घासायच्या मशीनच्या वर वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलंय. दुकान कसलं, दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. त्यामुळे चावी करून घ्यायला आलेल्या माणसाला मशीन थांबेपर्यंत बघायला दुसरं काही नसतं. कात्रणात एक लांबच लांब मुलगी हवेत आडवी झाली आहे आणि तिच्या बोटांच्या टोकाला बॉल लागलाय.

"ही कोण?" गिऱ्हाईक विचारतंच.

की चावीवाला हातातलं काम अर्धं टाकतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "माझी मुलगी. बाप चाव्या करतो आणि पोरगी कुलूप झालीय बघा! सात सामने झाले, चार सामन्यांत कुणाला उघडताच आलं नाही."

हे वाक्य त्यानं आजवर दोनशे वेळा तरी म्हटलं असेल, आणि दर वेळी गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच हसला असेल.

त्या दुपारी मुलगी त्याचा डबा घेऊन आली होती. गिऱ्हाइकानं कात्रणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत कात्रणाकडे पाहिलं. "अरेच्चा, हीच की ती! काय गं, एवढ्या जोरात बॉल येतो, भीती नाही वाटत?"

"नाही," ती पुटपुटली, डबा ठेवला आणि अशी सटकली की बापाला वाटलं, पोरगी लाजली.

लाजलीच होती. पण बापाला वाटली ती लाज ही नव्हती.

घरी तिला शिडी म्हणतात. चौदाव्या वर्षी बल्ब बदलायला तिला स्टूल लागेनासं झालं, तेव्हा आईनं घरातली लाकडी शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. "आपली घरचीच आहे आता," म्हणाली. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर लोकांचे खांदे सरळ करते आणि संध्याकाळी पोरीला म्हणते, "खांदे पाडून चालू नकोस, तेवढ्यानं उंची कमी होत नाही." नाव घरातून क्लबात गेलं आणि तिथं पक्कं झालं.

क्लबाचं मैदान साबणाच्या कारखान्यामागे आहे. वारा तिकडून असला की चिखलात पडूनसुद्धा माणूस स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. शिडी सतराव्या वर्षी तिथं आली, तेव्हा गोलमध्ये ताई उभी असायची. नऊ वर्षं तीच. पस्तिशीची, बुटकी, रुंद पंजांची. सगळा संघ तिला ताई म्हणायचा, तिच्याहून मोठ्या असलेल्या प्रशिक्षक मॅडमसुद्धा. आठवडाभर ती काचेच्या दुकानात खिडक्यांच्या काचा कापायची आणि शनिवारी गोल राखायची.

"दोन्ही कामं एकच आहेत," ती शिडीला सांगायची. "काच आवळली की फुटते, बॉल आवळला की सुटतो. आणि त्याच्या अंगावर धावून जाऊ नकोस गं, त्याला घरी येऊ दे."

राखीव गोलकीपरचं काम काय असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. बाटल्या भरायच्या, बॉलची जाळी खांद्यावर टाकून आणायची, आणि सामन्याआधी मोठ्या गोलकीपरचं अंग गरम करून द्यायचं. ताईचे चाळीस बॉल ठरलेले. दहा सरपटते, दहा उडते, दहा बाजूनं, नऊ जवळून धडाधड. आणि चाळिसावा छातीत. मऊ. समोरून. तो पकडायचा, पोटाशी धरायचा, सोडून द्यायचा, आणि मग वळून गोलमध्ये जायचं.

"हा कशाला? हा तर कुणीही पकडेल," पहिल्याच शनिवारी शिडीनं विचारलं होतं.

"म्हणूनच. घरातून निघताना कुणीतरी पाठीवरून हात फिरवतं ना, तसा तो. शेवटचा बॉल हातात आलेला असला पाहिजे. सुटलेला घेऊन आत गेलीस तर नव्वद मिनिटं तोच डोक्यात नाचतो. बाकी एकोणचाळीस कसेही मार, माझा जीव घे. शेवटचा छातीत. हा आपल्या दोघींचा नियम."

दोन वर्षं शिडीनं हा नियम पाळला. दोन वर्षं ती घोट्यापर्यंतचा कोट घालून बेंचावर बसली. भोंगा, म्हणजे आघाडीला खेळणारी, जिचा आवाज कारखान्याच्या भोंग्याला मागे टाकायचा, ती ओरडायची, "शिडे, बाटल्यांकडे लक्ष ठेव! एकपण गोल होऊ देऊ नकोस त्यांच्यात!" सगळ्या हसायच्या. शिडीपण हसायची. मनातून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरी त्याहून वाईट. सकाळी चहा पिताना बाप विचारायचा, "आज तरी?" फक्त एवढंच. आणि दुकानात कुणी विचारलं की आवाज खाली आणून सांगायचा, "खेळते, म्हणजे... राखीव आहे." एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "राखीव म्हणजे काय, गाडीतली सीट?" बाप हसला होता. त्याचं ते ओशाळं हसू शिडीनं दारातून पाहिलं होतं.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला तिला एक गोष्ट कळली, जी मैदानावर आणखी कुणाला कळणं शक्य नव्हतं. ताईला चाळीस बॉल तीच मारायची ना. डावीकडे वर मारलेला बॉल ताई अडवायची, पण हात एक श्वास उशिरा उठायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ताईच जवळ आली.

"दिसलं ना तुला?"

"काय?"

"सोंग करू नकोस. खांदा गेलाय. काचा उचलून उचलून. डावीकडे वर नको मारूस आता. अंग गरम करायचंय, मोडायचं नाहीये. आणि बोलू नकोस कुठे."

शिडी बोलली नाही. ताईनं विश्वासानं सांगितलं, हे खरं तर केवढं मोठं होतं. पण खोटं कशाला बोला, त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं पहिला हिशेब केला तो हाच: आता किती दिवस?

मग तो शनिवार आला. समोर सगळ्यात वरचा संघ. ऊन होतं, आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, मैदान टणक. बापानं दुकान बंद करून एका मित्राला बरोबर आणलं होतं. दोघं गोलच्या बाजूला पायरीवर बसले, इतके जवळ की शब्दन्‌शब्द ऐकू यावा. मागे मॅडम वही घेऊन उभ्या.

"तुझी कोणती?" मित्रानं विचारलं.

"ती... बॉल मारतेय ती."

"म्हणजे खेळत नाही?"

बाप चपलेची धूळ झटकायला लागला.

एकोणचाळीस झाले. ताई दोन्ही हात छातीशी आणून उभी राहिली. तयारीनं नाही, सवयीनं. डोळेसुद्धा अर्धे मिटलेले. लेकरू झोपायला येतं तशी उभी होती ती. शिडीनं बॉल ठेवला, दोन पावलं मागे आली आणि सगळा जोर लावून मारला. डावीकडे. वर.

ताईचा हात उठला. अर्ध्यात थांबला. जाळी हलली.

आधी ताईनं जाळीतल्या बॉलकडे पाहिलं, मग शिडीकडे.

"सॉरी ताई, पाय घसरला."

"होतं," ताई म्हणाली.

"अजून एक मारू?" हे विचारेपर्यंत पंचांची शिट्टी झाली. मॅडमनी वही मिटली.

चौदाव्या मिनिटाला बॉल डावीकडून वर आला आणि आत गेला. एकतिसाव्या मिनिटाला ताई आधीच डावीकडे झुकून उभी होती, आणि बॉल उजवीकडून, साधा, सरपटत, तिच्या हाताखालून गेला. असला गोल अकरा वर्षांत कुणी तिच्यावर केला नव्हता. मध्यंतरात मॅडम एवढंच म्हणाल्या, "शिडी, हातमोजे चढव."

ताईनं स्वतःची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. "या बाजूला ऊन डोळ्यांत येतं. पेनल्टी आली तर त्यांची नऊ नंबर उजवीकडे मारते. तुझ्या उजवीकडे."

पेनल्टी आली. नऊ नंबरनं उजवीकडेच मारला. शिडी हवेत आडवी झाली, बोटांची टोकं लागली, आणि वर्तमानपत्रवाल्यानं नेमका तेव्हा फोटो काढला. सामना तीन-दोननं जिंकला. बाप पायरीवरून उतरून मैदानात धावला, मित्राला म्हणाला, "बघ! खेळत नाही म्हणत होतास!"

तेच ते कात्रण.

पुढच्या शनिवारी फलकावर पहिलं नाव तिचं होतं, त्याच्या पुढच्याही, आणि मग कुणी फलक बघायचंही सोडून दिलं, इतकं ते ठरून गेलं. आई एक नंबरची जर्सी लॉन्ड्रीत नेऊन इस्त्री करायची, मालकाला दाखवून दाखवून. पलीकडच्या शहरातल्या मोठ्या क्लबाचा माणूस येऊन बघून गेला. भोंगानं बाटल्यांचा विनोद बंद केला. उलट सगळ्यांसमोर म्हणाली, "ताईसाठी दोन वर्षं बाटल्या भरल्या या पोरीनं, तक्रार नाही की काही नाही. याला म्हणतात इमान!" शिडी बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती. ती सोडून परत बांधली.

आणि ताई? लोकांना वाटलं होतं, रुसेल, सोडून जाईल. ताई शनिवारी वेळेवर आली. बाटल्या भरल्या. बॉलची जाळी उजव्या खांद्यावर टाकून आणली. तोच घोट्यापर्यंतचा कोट तिला जमिनीवर लोळायचा, तो दुमडून बेंचावर बसली. त्याआधी शिडीला चाळीस बॉल मारले, एकही ढिला नाही. आणि चाळिसावा छातीत. मऊ. झोपलेलं मूल एकीनं दुसरीच्या हातात द्यावं तसा.

दर शनिवारी. सात शनिवार.

खाई त्याला खवखवे म्हणतात. सामन्यात अंगावर येणाऱ्या बॉलचं शिडीला काही वाटायचं नाही. तो एक चाळिसावा यायला लागला की ती ताईच्या पायावरची नजर हलवायची नाही. वाटायचं, ही एकदा तरी जोरात मारेल. तोंडावर मारेल. मारूदे. फिटंफाट होईल. पण ताई मारायची नाही.

हंगामाचा शेवटचा सामना राहिला होता तेव्हा मॅडमनी तिला पुढच्या वर्षीच्या कागदावर सही करायला बोलावलं. खोली म्हणजे सामानाचीच खोली, टेबलावर शिट्ट्या, पट्ट्या, अर्धं सफरचंद.

"इथं कर सही. आणि इथं." मॅडम सफरचंद खात म्हणाल्या. "तशी ही जागा तुलाच मिळायची होती म्हणा. चार शनिवार लवकर मिळाली, एवढंच."

"म्हणजे?"

"ताईनं तुला नाही सांगितलं? हंगामाच्या सुरुवातीलाच येऊन सांगून गेली होती मला. खांदा गेलाय, आणखी सहा सामने खेळते, मग गोल शिडीचा. पोरगी तयार आहे म्हणाली, पण तिला आत्ता बोलू नका, डोक्यात हवा जाईल." मॅडम हसल्या. "मी म्हटलं ठीक. मग दुसऱ्याच सामन्यात ते दोन गोल. अंग गरम करतानाच एक गेला होता, मी बघितला ना. म्हटलं, कशाला ओढायचं आता."

शिडीचं पेन तिथंच थांबलं.

"वाईट एवढंच वाटलं, सहाव्याला ती तिच्या आईला आणणार होती. म्हातारीनं एकही सामना बघितला नाही आजवर. पोरीच्या तोंडावर बॉल बसेल या भीतीनं. चला, असो. सही कर की."

तिनं सही केली. काय करणार? केली.

काचेचं दुकान तिला माहीत होतं, पण आत ती कधी गेली नव्हती. भिंतीला लावून उभ्या काचा, त्यांच्यामध्ये जुने ब्लँकेटचे तुकडे, काच बसवायच्या लांबीचा आणि तेलाचा वास. ताई टेबलावर वाकून पट्टीच्या कडेनं कटर ओढत होती. कर्रर्र असा एक बारीक आवाज, मग दोन्ही हातांनी अलगद दाब. टक्. काच सरळ दुभंगली.

"तू? इथं कशी?"

"ताई, बोलायचंय."

"बोल. पण आधी हे टोक धर, पलीकडे न्यायचीय. ते हातमोजे घाल. खालून धर, खालून! बॉल नाहीये तो."

दोघींनी काच उचलली. माणसाएवढी उंच. शिडी एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला, मध्ये काच. ताईचा चेहरा तिच्यातून स्वच्छ दिसत होता. कपाळावरचा घामसुद्धा.

"ताई, तो बॉल..."

"पायाखाली बघ. खोका आहे."

"माझा पाय घसरला नव्हता."

ताई थांबली. त्यामुळे शिडीलाही थांबावं लागलं. काच धरलेली असली की माणसाला तोंड लपवता येत नाही, हात गुंतलेले असतात.

"आठ दिवस पाऊस नव्हता," ताई म्हणाली. "कोरड्या मैदानात पाय घसरलेली तू पहिलीच."

"तुला माहीत होतं?"

"अगं, बॉल पायातून सुटताना बघतेय मी अकरा वर्षं. चुकून मारलेला आणि मारायचा म्हणून मारलेला मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस? मॅडमना, कुणाला तरी?"

"काय बोलू? हिनं मला शेवटचा बॉल छातीत दिला नाही हो? लोक हसतील. कुठल्या पुस्तकात लिहिलाय तो नियम? आपल्या दोघींचा होता. तू मोडलास, एकटी मी काय करू त्याचं?"

शिडीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीवर आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"मॅडम म्हणाल्या, तू माझं नाव आधीच..."

"हं. सांगितलं का त्यांनी? पोटात काही राहत नाही बाईच्या."

"मी सांगते त्यांना सगळं. शनिवारी तू खेळ. शेवटचा आहे. आईला आण."

"चल, आधी ही ठेव."

त्यांनी काच भिंतीला लावली. ताईनं मोजे काढले आणि डावा हात वर उचलला. कानापर्यंत आला आणि थांबला. कुणी मागून धरल्यासारखा. "बघ. तू परत देशीलही, पण हा घेणार कसा? तेव्हा थोडा जायचा. तेवढे चार सामने होते त्याच्यात. आता नाहीत."

"मला माफ..."

"ते नको मागूस." ताई रागावली नव्हती. भाव विचारला आणि माल नाही, अशा आवाजात म्हणाली. "मागितलंस की मला द्यावं लागेल, नाहीतर मीच वाईट ठरेन. आणि माझ्याकडे नाहीये आत्ता. झालं कधी तर सांगेन."

"मग दर शनिवारी मला छातीत का देतेस?"

"मग काय, तुझ्यासारखं करू?" ताईनं पुन्हा कटर उचलला. "अकरा जणींचा गोल असतो तो. सर जरा, उजेड अडवू नकोस."

शिडी दारापर्यंत गेली. "शनिवारी येशील?"

"न येऊन? बाटल्या कोण भरणार?"

शनिवारी पायऱ्या भरल्या होत्या. चावीवाला सगळ्यांत पुढे, आणि त्याच्या शेजारी एक म्हातारी, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. ताईसारखेच रुंद पंजे. मैदानात बॉल उडाला की ती डोळे मिटून घ्यायची.

तिसावा बॉल झाला तेव्हा म्हातारीनं चावीवाल्याला विचारलं. ऐकायला कमी येत असावं तिला, आवाज मैदानभर गेला. "माझी कोणती हो? मला लांबचं दिसत नाही."

"ती बघा, आजी. बॉल मारतेय ती."

"म्हणजे खेळत नाही?"

चावीवाल्यानं आवाज खाली आणला. दोन वर्षं त्यानं ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात म्हणाला, "नाही. राखीव आहे."

"खेळते म्हणाली होती," म्हातारी म्हणाली.

शिडीला वाटलं, आत्ता इथं जमीन फाटावी. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं ऐकलं होतं, न ऐकून जाईल कुठे. पण तिची नजर बॉलवरच होती. एकतीस. बत्तीस. जवळून धडाधड, एकही ढिला नाही.

"चाळीस," ताई म्हणाली.

शिडीनं दोन्ही हात छातीशी आणले. बॉल आला. मऊ, समोरून. तिनं तो पकडला, पोटाशी धरला, आणि पकडूनच राहिली.

पंचांची शिट्टी झाली. मुली आपापल्या जागी गेल्या. भोंगा मधूनच ओरडली, "अगं शिडे, सोड तो! सामना दुसऱ्या बॉलनं आहे!" पायऱ्यांवर हशा पिकला. बापही हसला.

ताई कोट सावरत गोलपर्यंत चालत आली आणि तिनं उजवा हात पुढे केला.

"दे इकडे."

शिडी मान वर करेना.

"दे म्हणते ना. थांबलेत सगळे."

तिनं बॉल दिला. ताईनं तो काखेत मारला आणि बेंचाकडे निघाली. अर्ध्या वाटेत थांबून, न वळता म्हणाली, "ऊन आहे. टोपी घे."

टोपी शिडीच्या डोक्यावरच होती. ताईचीच.